मालोजीच्या उजव्या पायाची वहाण

मी एक जुनी वहाण आहे, उजव्या पायाची. आकुर्डीतल्या एका घराच्या माळ्यावर गोधड्यांच्या गाठोड्यामागं मी पडून असते. माझं कातडं वाळून लाकडासारखं झालंय. दिवाळीच्या साफसफाईला कुणीतरी मला उचलतं, धूळ झटकतं आणि पुन्हा तिथंच ठेवतं. फेकून मात्र देत नाही. का देत नाही, हे त्या घरातल्या नातवंडांना नीटसं ठाऊक नाही. मित्रांनो, तुम्हाला वेळ असेल तर मी सांगते.

चिंचवड गावात नदीकडं उतरणाऱ्या बोळात ज्योतीराम नावाचे एक कारागीर बसत. म्हशीचं कातडं ते स्वतः निवडायचे. बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरलेलं, हाताला जड लागणारं कातडं असेल तरच घ्यायचे. माझ्या तळाचे थर त्यांनी एकावर एक ठेवले, ठोकले आणि चामड्याच्या वादीनं शिवले. अंगठा अडकवायला पुढं कडी, वर रुंद पट्टा, टाचेला लोखंडी नाल. दोन थरांच्या मधे त्यांनी काहीतरी घातलं होतं. काय ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पण त्यामुळं चालताना आम्ही दोघी बहिणी, डावी आणि उजवी, करकर वाजायचो. त्या काळी तरण्या माणसाची वहाण वाजली नाही तर ती वहाण कसली, असंच लोक म्हणत.

आम्हाला न्यायला आला तो मालोजी. आकुर्डीचा, पंचविशीतला, उंच आणि सडपातळ. रेल्वेत चावीवाल्याच्या जागेवर तो नुकताच कायम झाला होता. चावीवाला म्हणजे रुळांची राखण करणारा माणूस. रूळ ज्या लोखंडी पाचरींनी जखडलेले असतात त्यांना चाव्या म्हणतात. गाड्यांच्या धक्क्यानं त्या ढिल्या होतात. चावीवाल्यानं खांद्यावर हातोडा टाकून रोज आपल्या हद्दीतले रूळ चालत तपासायचे आणि ढिली चावी दिसली की ठोकून बसवायची. मालोजीची हद्द चिंचवड आणि देहूरोडच्या मधली होती.

त्यानं पाय आत सरकवला तो क्षण मला अजून आठवतो. किती ऊबदार पाय होता तो. तळव्याची कातडी जाड, पण आतून सारखी धग. पायाच्या वरच्या बाजूला एक शीर हलकेच उडायची आणि माझ्या पट्ट्याला ते कळायचं. तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. सगळ्याच पायांना असं असत असेल, असं मी धरून चालले.

पहिली वर्षं फार सुखाची गेली. सकाळी दव पडलेल्या रुळांवरून आम्ही निघायचो. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि हरभरा, मधूनच एखादी आमराई, पलीकडं पवनेच्या काठची झाडी. विजेवरची गाडी धडधडत गेली की मालोजी बाजूला उभा राहून हिरवं निशाण धरायचा. आजूबाजूच्या शेतातल्या बाया आमचा आवाज ओळखायच्या. “मालोजी आला, न्याहारीची येळ झाली,” असं एकमेकींना सांगायच्या. घरी त्याची बायको रंभा दर अमावास्येला आम्हा दोघींना एरंडेल चोळायची आणि उन्हात ठेवायची. तेल प्यायलेलं कातडं मऊ पडतं आणि पायाला कधी चावत नाही.

दुपारी सोनबाची टोळी भेटायची. सोनबा मालोजीच्याच वयाचा, रुळांखाली खडी भरणाऱ्या टोळीत होता. एका चिंचेखाली सगळे भाकरी सोडायचे. जेवण झालं की सोनबा कनवटीची विड्यांची जुडी काढायचा. आधी मालोजीला द्यायचा, मग स्वतः घ्यायचा. एकाच काडीवर दोघांच्या विड्या पेटायच्या. “वढ गड्या,” एवढंच तो म्हणायचा. पुढं बोलणं आपोआप निघायचं, पिकाचं, पोरांचं, मुकादमाचं. मालोजीचे वडील विडी ओढत, आजोबा ओढत. घरी पाहुणा आला तरी पाण्याच्या तांब्यानंतर विडीच पुढं करायची. चालता चालता, चावी ठोकताना, गाडीची वाट बघताना मालोजीच्या ओठात विडी असायचीच. कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. मलाही नाही.

मग एका उन्हाळ्यात तो वाटेत थांबायला लागला. नेहमीच्या चालीनं जाता जाता त्याची उजवी पोटरी आवळून यायची, कुणी दोरीनं पीळ द्यावा तशी. तो रुळावर बसायचा, पोटरी चोळायचा, विडी पेटवायचा. विडी संपेपर्यंत कळ ओसरायची. तो उठून चालायला लागायचा आणि थोडं पुढं गेलं की पुन्हा तेच. विडीनं बरं वाटतं, असा त्यानं समज करून घेतला. खरं तर बसल्यामुळं बरं वाटत होतं.

मला दुसरीच गोष्ट जाणवत होती. वैशाखातल्या उन्हात रूळ तापून हात लावू देत नव्हते, खडीतून झळा येत होत्या, आणि माझ्या अंगावरचा पाय गार होता. डावी बहीण म्हणाली, “माझ्याकडचा पाय ऊन आहे.” माझ्याकडचा नव्हता. पट्ट्याखाली उडणारी ती शीर मी शोधायचे, ती कधी लागायची, कधी नाही.

मालोजीनं घरी काही सांगितलं नाही. रंभा एकदा म्हणाली, “अवं, पाय का घासताय? नाल झिजली बघा एका अंगानं.”

“खडीत चालून व्हतंय तसं,” तो म्हणाला आणि विषय तिथंच संपला.

पुढच्या हिवाळ्यात ती सकाळ आली. कडाक्याची थंडी होती. ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडं मालोजी एका जागी थबकला. थंडीनं आखडून रूळ आडवा तडकला होता. फटीत बोट जाईल एवढी जागा होती. पुण्याकडं जाणाऱ्या गाडीची वेळ झाली होती. नियम असा, की गाडी ज्या बाजूनं येणार त्या बाजूला धावत जायचं, लांबवर लाल निशाण दाखवायचं, म्हणजे चालकाला गाडी आवरायला पुरेसं अंतर मिळतं.

मालोजी धावला. आम्ही दोघी जीव तोडून वाजत होतो. पण थोडं अंतर गेलं नाही तोच पोटरीत कळ आली. तो लंगडत धावला. पुन्हा कळ आली, आणि उजवा पाय उचलेचना. पाय ओढताना तो माझ्यातून अर्धा निसटला, अंगठा खडीच्या धारदार दगडावर आपटला आणि मालोजी रुळांमधेच खाली बसला. पलीकडं वळणाजवळ सोनबाची टोळी काम करत होती. मालोजीनं लाल निशाण डोक्यावर धरलं आणि बसल्या जागेवरून हलवायला लागला. तोंडानं हाका मारत होता, पण वारा उलटा होता.

सोनबानं वर पाहिलं. चावीवाला रुळांत बसून लाल निशाण हलवतोय, म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं फावडं टाकलं, टोळीजवळचं लाल निशाण घेतलं आणि वळणाच्या पलीकडं पळत सुटला. गाडीच्या चाकांचा किंकाळीसारखा आवाज आला आणि आमच्यापासून बऱ्याच लांब ती थांबली. खिडक्यांतून माणसं डोकावायला लागली. त्यातल्या कुणालाच काय टळलं ते ठाऊक नव्हतं.

मालोजीचं कौतुक झालं. साहेब येऊन पाठ थोपटून गेले. मुकादम अर्जुनराव मात्र जुना, अनुभवी माणूस. सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, “मालोजी, तू बसून का निशाण दावत व्हतास?”

“दम लागला व्हता.”

“दम लागला तर माणूस छातीला हात लावतो. तू पोटरी धरून बसला व्हतास.” अर्जुनरावांनी त्याच्या पायाकडं बोट केलं. “दाक्तरला दाव. आज गाडी थांबली. रोज सोनबा वळणावर असंलच असं न्हाई.”

मालोजीनं मान हलवली, पण डॉक्टरकडं गेला नाही. अंगठ्याला दगड लागून झालेली जखम लहानशीच होती. हळद आणि चुना भरला की आठवड्यात बुजेल, असं सगळ्यांना वाटलं. बुजली नाही. उलट अंगठा काळानिळा पडला आणि त्याला ठणका लागला. पाय खाली सोडून बसलं की बरं वाटायचं, म्हणून मालोजी उंबऱ्यावरच बसून राहायचा. त्याची आई, सुभद्राबाई, हे बघून कळवळायची. कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं वात आहे. तिनं पायाला हात लावला तर पाय बर्फासारखा. “गारठलाय रं माझ्या लेकराचा पाय,” म्हणत तिनं वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि मायेनं शेकायला बसली. मालोजीला बरं वाटत होतं. वीट किती तापलीय हे त्याला कळतच नव्हतं, कारण त्या पायाची जाणीवच मंदावली होती. सकाळी तळव्यावर मोठा फोड होता. सुभद्राबाईनं तो पाहिला आणि ती चुलीपाशी जाऊन बसली. 

त्याच दिवशी रंभानं बैलगाडी मागून आणली आणि नवऱ्याला चिंचवडला डॉक्टर यशवंतरावांकडं नेलं. मी उजव्या पायात नव्हते, रंभाच्या पिशवीत होते. पाय सुजून माझ्यात मावत नव्हता.

डॉक्टरांनी जखमेकडं पाहिलं, पण सगळ्यात आधी त्यांनी पायाच्या वरच्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच बसले. मग घोट्याच्या आतल्या बाजूला बोटं टेकवली. मग डाव्या पायाला.

“इथं शीर उडायला हवी,” ते म्हणाले. “डावीकडं लागते, उजवीकडं लागत नाही. विडी किती ओढता?”

मालोजीच्या आधी रंभा म्हणाली, “त्याचा काय हिशेब, डाक्टर? एक इझती तवा दुसरी पेटती.”

“मालोजी, शेताला पाटानं पाणी जातं ना? पाट आतून गाळानं भरत आला तर शेवटच्या वाफ्याचं काय होतं?”

“वाळतो.”

“तुमच्या पायाचं तेच चाललंय. शरीरात रक्त नेणाऱ्या नळ्या असतात, रक्तवाहिन्या म्हणतो आम्ही त्यांना. विडीनं त्या आतून सुजतात, आखडतात. मग आत रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून कळ येते. बसलात की थांबते. अंगठा तर सगळ्यात शेवटचा वाफा.”

मालोजीनं हे ऐकून घेतलं. मग अगदी मनापासून विचारलं, “पर डाक्टर, धूर जातोय छातीत. पायाला कसा लागंल?”

“छातीत गेलेलं रक्तात उतरतं, आणि रक्त पायापर्यंत जातं.”

“आमच्यात समदेच वढत्यात. सोनबा माझ्यापरीस जास्त वढतो. त्याला कसं न्हाई काय झालं?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “ते मला सांगता येणार नाही. कुणाला होतो हा आजार, कुणाला होत नाही. का, ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. पण ज्याला झालाय त्यानं विडी ओढत राहिली तर काय होतं, ते मी बऱ्याच वेळा पाहिलंय.”

रंभानं मधेच विचारलं, “पिंपरीला त्या पेनिसिलीनचा कारखाना निघालाय म्हनं. त्याची सुई लई जालीम असती, कसली बी जखम बरी करती म्हनत्यात. ती द्या की.”

“देणार आहे, बाई. जखमेत पू आहे, तो त्यानं आवरेल. पण औषध रक्तातनंच जायचं. जिथं रक्तच पोचत नाही तिथं ते कुठनं पोचणार?” मग ते मालोजीकडं वळले. “यापुढं एकसुद्धा विडी नाही. पाय शेकायचा नाही, अनवाणी चालायचं नाही.”

मालोजीनं विडी सोडली, असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. मला खरं ठाऊक होतं. थोडे दिवस घरी राहिल्यावर तो पट्टा सैल करून मला घालून कामावर जायला लागला. जखम खपलीखाली तशीच होती. चिंचेखाली सोनबा जुडी काढायचा आणि चटकन पुन्हा कनवटीला लावायचा. मग बोलणं जमायचं नाही. दोघं मुकाट्यानं भाकरी खायचे. असं काही दिवस चाललं. एके दिवशी मालोजी म्हणाला, “दे एक.”

“डाक्टर नको म्हनलाय ना?”

“एकीनं काय व्हतंय?”

सोनबानं दिली. मित्रांनो, मी सोनबाला बोल लावत नाही. आपला गडी आपल्यापासून तुटत चाललाय, एवढंच त्याला दिसत होतं.

एकीच्या दोन झाल्या. घरी जायच्या आधी मालोजी ओढ्यावर चूळ भरायचा, पेरूची पानं चावायचा. रंभाला वास येत नसेल असं नाही. एका संध्याकाळी ती मला पुसत होती आणि माझ्या पट्ट्याच्या घडीत तिला विडीचं थोटूक सापडलं. तिनं ते तळहातावर ठेवलं आणि नवऱ्यापुढं धरलं. ओरडली नाही. म्हणाली, “मला लपवून वढताय, पर पायाला लपवून वढता येतंय व्हय?”

 त्याच महिन्यात अंगठ्याशेजारचं बोटही काळं पडलं.

त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. आम्हा दोघींना त्याच्या खाटेखाली ठेवलं होतं. तिथल्या सर्जननी सांगितलं, की अंगठा आणि दुसरं बोट वाचायचं नाही, ती काढावी लागतील. कमरेतून जाणारा एक मज्जातंतूही तोडतील, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या सैल पडतील आणि राहिलेल्या पायाला थोडं जास्त रक्त मिळेल. “आम्ही आमचं काम करू,” ते म्हणाले, “पुढचं तुमच्या हातात आहे.” मालोजीनं ऐकलं. पण त्याच्या डोळ्यांवरून मला वाटलं, की बोटं गेली म्हणजे आजारही गेला, असंच तो मनात धरून आहे.

ऑपरेशन झालं. जखम बरी होऊ लागली. त्याच्या शेजारच्या खाटेवर दत्तोबा नावाचे एक गृहस्थ होते. खेडकडचे, कुरुळीचे. वयानं मालोजीपेक्षा फार मोठे नव्हते, पण केस पांढरे झाले होते. त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली नव्हते. एका हाताची बोटं गेलेली, दुसऱ्या हाताला दोनच उरलेली, तीही काळवंडलेली. फार गोड स्वभावाचा माणूस. बैलगाड्यांच्या शर्यतींच्या गोष्टी असा रंगवून सांगायचे की सगळी खोली हसायची. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैल कसे सुटले, बैलांच्या पुढं आपण कशी घोडी पळवत होतो, हे सांगताना ते उरलेल्या दोन बोटांनी हवेत लगाम धरायचे.

एका दुपारी परिचारिका जेवायला गेली होती. नातेवाईक अजून यायचे होते. दत्तोबांनी उशीखालून काहीतरी ओढून काढलं आणि हलक्या आवाजात हाक मारली. “मालोजीभाऊ, जरा इकडं येता?”

मालोजी खाटेच्या कडेला धरून, एका पायावर भार देत त्यांच्याजवळ गेला. दत्तोबांच्या दोन बोटांत विडी होती.

“काडी वढता येत न्हाई मला,” ते म्हणाले. “आधी आपली आपन वढत व्हतो. आता बोटंच ऱ्हायली न्हाईत. पेटवून देता का?”

मालोजी उभा राहिला. खाटेखालून मला सगळ्यात आधी त्याचे पाय दिसले. एक धड, एक पट्टीत गुंडाळलेला. 

“दत्तोबा, डाक्टरांनी तुमाला सांगितलं न्हवतं?”

“सांगितलं की. पयला अंगठा गेला तवा सांगितलं, पाय गेला तवा सांगितलं, दुसरा गेला तवा बी सांगितलं.” ते हसले. “पाय गेल्यावर मानसाला करमत न्हाई हो. मग हीच सोबत. तुमी पेटवा. तुमाला पाप न्हाई लागायचं.”

मालोजीनं काडी ओढली. विडीला लावली. दत्तोबांनी डोळे मिटून झुरका घेतला, आणि त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मालोजीच्या चांगलं ओळखीचं होतं. चिंचेखालच्या दुपारचं होतं ते. धूर दोघांच्या मधे तरंगत राहिला. दत्तोबांनी ती विडी त्याच्यापुढं केली. “घ्या की एक झुरका. आपन एका दुखन्याचे गडी.”

मालोजीनं हात पुढं केला. मग तो हात तसाच त्यानं दत्तोबांच्या दोन बोटांवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. “न्हाई,” तो म्हणाला. “माझ्या हाताला अजून काडी वढता येती. तेवढं ऱ्हाऊ द्या.”

आपल्या खाटेवर येऊन तो भिंतीकडं तोंड करून पडला. चार वाजता रंभा डबा घेऊन आली तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. त्यानं तिला एवढंच सांगितलं, “सोडली.” तिनं याआधी दोनदा हा शब्द ऐकला होता. या वेळी तिनं डबा उघडला आणि भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली.

घरी आल्यावर माझा प्रश्न निघाला. अंगठाच नाही, तर अंगठ्याच्या कडीचा उपयोग काय? मी पायात टिकेना, पहिल्याच पावलाला गळून पडायचे. रंभानं आम्हा दोघींना ज्योतीरामांकडं नेलं. त्यांनी मालोजीलाही बोलावून घेतलं आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन, जसं लहान मुलाचं बोट धरावं तसं, त्या जखमेच्या कडेनं बोट फिरवलं.

“नवी करून देऊ का, मालोजी?”

“नको. हिला पायाची सवय हाय.”

मग त्यांनी माझं पुढचं टोक तिरपं कापलं, कडी काढली, टाचेमागून एक नवा पट्टा घेतला आणि आतून मऊ मेंढीचं कातडं लावलं, म्हणजे पायाला कुठं घासू नये. थर उसवून पुन्हा शिवताना माझा आवाज गेला. त्या दिवसापासून डावी एकटीच वाजायची. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण पट्टा आवळल्यावर त्या पायावर पुन्हा बसताना मी फार जपून बसले.

विडी सुटणं सोपं नव्हतं. मालोजी चिडायचा, ताटावरून उठायचा, पोरांवर खेकसायचा. सोनबा भेटायला यायचा, पण त्याला काय बोलावं कळायचं नाही. सोनबाला विडी सोडणं जमलं नाही. पण त्यानं एक केलं. मालोजी समोर असला की तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला, चांगला लांब जाऊन बसायचा, तिथं विडी संपवायचा, तोंड धुवायचा आणि मग जवळ येऊन बसायचा. पुढं पुढं त्याच्या जुडीच्या जागी भाजलेल्या शेंगा यायला लागल्या. दोघं शेंगा सोलत बसायचे. बोलणं हळूहळू परत आलं, पिकाचं, पोरांचं, मुकादमाचं.

रुळांवरचं काम आता झेपणार नव्हतं. अर्जुनरावांनी शब्द टाकला आणि मालोजीला फाटकावर बसवलं. गाडी यायची झाली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं. पिंपरीच्या कारखान्यात जाणारी माणसं सकाळी सायकलींवरून यायची, फाटक बंद दिसलं की पाय टेकवून विड्या पेटवायची. कुणी मालोजीपुढं जुडी धरली तर तो हात जोडायचा. कुणी फारच आग्रह केला तर पट्टा सोडून मला बाजूला काढायचा आणि पाय दाखवायचा. उपदेश करत नसे. ज्याला विचारावंसं वाटायचं तो विचारायचा.

दत्तोबांची पुढं काय गत झाली ते आम्हाला पुष्कळ दिवसांनी कळलं. खेडचा एक माणूस फाटकावर थांबला होता, तो म्हणाला ते गेले. मालोजीनं फाटक उघडलं, सगळ्या सायकली जाऊ दिल्या आणि मग तो बाकावर बसला. त्या दिवशी त्यानं सोनबाच्या शेंगांना हात लावला नाही.

मी आणखी काही वर्षं त्याच्या पायात होते. डावी बहीण आधी झिजली, मग मीही. ज्योतीराम थकले, बोळातली बैठक उठली. दुकानातनं तयार बूट आले, आणि मी माळ्यावर गेले. आता इथून गाड्यांचा आवाज ऐकू येतो, कारखान्यांचे भोंगे ऐकू येतात, पण ती चिंच, ती हरभऱ्याची शेतं कुठं असतील ते मला सांगता यायचं नाही. तेल लावायला कुणी येत नाही. तक्रार नाही माझी. मालोजी म्हातारा होऊन, स्वतःच्या पायांनी चालत फिरून, मग गेला.

मित्रांनो, वहाणेचं काम पायाखाली राहायचं, तिनं तुम्हाला शिकवावं असं काही नाही. पण एक विनंती करते. पाय बिचारा शरीराच्या अगदी शेवटी असतो. तो गार पडला, चालता चालता थांबायला लागला, त्याची लहानशी जखम बुजेना, तर ते थकवा म्हणून सोडून देऊ नका. आजोबांचे, वडिलांचे पाय कधीतरी हातात घेऊन बघा. आणि कुणी प्रेमानं विडी पुढं केली, तर प्रेम घ्या, विडी परत करा. दोन्ही वेगळं करता येतं, हे मी सोनबाकडं बघून शिकले.

माळ्यावर पडल्यापडल्या मला सगळ्यात जास्त आठवतो तो देहूचा घाट. ऑपरेशन होऊन एक दिवाळी गेली होती. रंभाच्या मनात होतं, म्हणून ती आणि मालोजी सकाळीच पायी निघाले. तो सावकाश चालत होता, काठी टेकत, पण कळ आली म्हणून कुठं बसला नाही. दर्शन झाल्यावर दोघं इंद्रायणीच्या काठी आली. मालोजीनं माझा पट्टा सोडला, मला पायरीवर ठेवलं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. 

“रंभे,” तो म्हणाला, “पानी लई गार हाय गं.”

“मग काढा की पाय भाईर.”

“न्हाई, ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “उजव्याला बी लागतंय.”

रंभानं पदर खोचला आणि ती त्याच्याशेजारी पाण्यात पाय सोडून बसली. ऊन वर येईपर्यंत त्या दोघांपैकी कुणीही मला हात लावला नाही.